विसावी पायरी

तेरुई योशिझो गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्या अपघाताचा कागद मीच भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पुलावर बर्फ गोठलेला, गाडी घसरली.' ते खोटं नव्हतं. पण त्या रकान्यात अजून एक नाव सहज मावलं असतं, माझं. ते मी लिहिलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना माझी कीव करायचा मोह तुम्हाला होणार नाही.

मी तोशिमा मित्सुए. आमचं गाव उत्तर जपानात, आकिताच्या डोंगरात. माझ्या नवऱ्याचं, कियोहारूचं, गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि त्याच्याच एका कोपऱ्यात गाड्यांच्या विम्याची एजन्सी. तो गेल्यावर गॅरेज मी बंद केलं, पण कोपरा चालू ठेवला. एक टेबल, एक रॉकेलची शेगडी, तिच्यावर सदा उकळणारी किटली आणि भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर. तीस वर्षं मी त्या कॅलेंडरचीच बायको असल्यासारखी वागले.

आमच्याकडे गाडीच्या विम्यात वीस पायऱ्या असतात. नवा माणूस सहावीवर उभा राहतो. वर्षभर कुठे ठोकलं नाही, कंपनीकडे काही मागितलं नाही, की एक पायरी वर. मागितलं की धाडकन तीन खाली. जितकं वर तितका हप्ता कमी. विसावी शेवटची. तिथे पोचल्यावर चढायला काही उरत नाही, नुसतं पडायचं नाही एवढंच काम. तेरुईसान सव्वीस वर्षं त्या विसाव्या पायरीवर ठाण मांडून बसले होते. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी कंपनीकडे साधी आरशाची काचसुद्धा मागितली नाही. एकदा हरीण आडवं येऊन टेम्पोचं नाक चेपलं, तर स्वतः हातोडीने ठोकून सरळ केलं आणि वर मला म्हणाले, "तुझ्या वहीला डाग कशाला?"

त्यांची निष्ठा कंपनीवर नव्हतीच म्हणा. एका नववर्षाच्या आदल्या दिवशी त्यांचा भाताच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो बर्फात रुतला. कियोहारूने क्रेन नेऊन बाहेर काढला. विमा कुणाचा, पैसे कोण देणार, काही विचारलं नाही. घरी आणून गरम शेवयांचा वाडगा पुढे ठेवला. फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला तेरुईसान आले आणि विमा आमच्याकडे घेतला. तेव्हापासून दरवर्षी चोवीस फेब्रुवारी. नूतनीकरण पोस्टाने होतं, फोनवर होतं, पण हा माणूस दारात तीनदा बूट आपटून बर्फ झाडणार, आत येणार, धुरावर वाळवून मुरवलेल्या मुळ्याच्या लोणच्याची पुडी टेबलावर ठेवणार आणि मगच सहीऐवजी मारायचा आपला शिक्का काढणार.

त्यांचा मुलगा तोमोआकी टोकियोकडे, साइतामाला, छापखान्यात नोकरीला. एका नववर्षाला वडिलांबरोबर तोही आला होता. फोन पुढे धरून म्हणाला, "बाबा, हे बघा. तीन मिनिटांत निम्म्या हप्त्यात विमा मिळतो. शहरात मला गाडी लागत नाही, पण फोनची कंपनीसुद्धा मी दरवर्षी बदलतो. या कंपन्या नव्या गिऱ्हाइकाला सूट देतात आणि जुन्याला चहा पाजतात."

"इथला चहा चांगला असतो," तेरुईसान म्हणाले.

"चाळीस वर्षं जास्तीचे पैसे भरलेत तुम्ही. कशासाठी? कंपनीला तुमचं नाव तरी ठाऊक आहे का?"

"मित्सुएला ठाऊक आहे. गाडी खड्ड्यात गेल्यावर तुझा फोन येणार आहे का दोर घेऊन?"

"मित्सुएसान तरी कुठे दोर घेऊन येणार आहेत! साठीला आल्यात."

"साठीला आले तरी तुझ्यापेक्षा जोरात ओढीन," मी म्हटलं. तिघंही हसलो. तोमोआकी वाईट मुलगा नव्हता. हिशोबी होता, पण आमच्या गावातून जो गेला त्याला हिशोबी व्हावंच लागतं.

विसाव्या पायरीची एक खासियत आहे. ती घरातल्या माणसाला देता येते. बायकोला, मुलाला, सुनेला. अट एकच, एका छपराखाली राहत असलं पाहिजे. तेरुईसानच्या मनात तेच होतं. बायको वारली होती. शेत कुणी फुकट घेईना. घराच्या छपरावरचा बर्फ उतरवायला माणूस मिळेना. एकदा शेगडीजवळ हात शेकत ते मला म्हणाले, "मित्सुए, पोराला द्यायला माझ्याकडे नीट राहिलेली अशी एकच गोष्ट आहे. बाकी सगळं त्याच्या गळ्यात धोंडा. तो पंचावन्नला नोकरी सोडून येतो म्हणालाय. आला की ही त्याच्या नावावर करू."

"अहो, पायरी ती. सोन्याचं नाणं असल्यासारखं बोलताय."

"नाण्याला वारसाकर लागतो," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

आता जे सांगायचं ते त्यांच्या मरणाच्या अडीच वर्षं आधीच्या शरदातलं. भाताची कापणी झाली होती. चोवीस फेब्रुवारी नसताना तेरुईसान आले, आणि लोणचं न घेता आले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. वय ऐंशी. बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"डोळ्यांनी दगा दिलाय," म्हणाले. "परवान्यासाठी म्हाताऱ्यांची परीक्षा घेतात, त्यात कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, ते काढलं ठाकठीक. पण संध्याकाळी समोरून दिवा आला की सगळा रस्ताच पांढरा होतो. परवा शाळेच्या वळणावर एक पोरगी दिसलीच नाही. लागलं नाही काही. पण दिसली नाही."

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"टेम्पो विकून टाकावा म्हणतो. परवाना पोलिसात परत केला की गाव टॅक्सीची कुपनं देतं. पण तोमोआकीला यायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. गाडी नाही म्हणजे विमा नाही. मग माझ्या पायरीचं काय होईल गं?"

उत्तर मला झोपेतही पाठ होतं. गाडी विकली तरी पायरी मरत नाही. एक कागद करायचा, म्हणजे ती दहा वर्षं गोठवून ठेवता येते. मुलगा परत येऊन वडिलांबरोबर राहायला लागला, गाडी घेतली, की तोच कागद दाखवून विसाव्या पायरीवरून सुरुवात. एका पानाचा अर्ज. माझ्या खणात वरच होता.

पण त्याच्या आठवडाभर आधी शाखेतून निशिवाकी नावाचा पोरगा येऊन गेला होता. शहरी बूट घालून आलेला, दारात घसरून पडता पडता वाचला. फार गोड बोलला. "तोशिमासान, तीस वर्षांची तुमची सेवा कंपनी कधी विसरणार नाही. पण छोट्या एजन्सी आता एकत्र करायच्या आहेत. शंभर विम्यांची रेघ ठरलीय. शंभराच्या खाली गेलात तर तुमची गिऱ्हाइकं शहरातल्या मोठ्या एजन्सीकडे जातील. माझ्या हातात काही नाही."

मी मोजले होते. बरोबर शंभर. आमच्या गावात माणसं एक तर मरतात, नाही तर मुलांकडे जातात. नवीन येत कुणी नाही. तेरुईसानचा विमा गेला की नव्याण्णव.

टेबल, शेगडी, किटली. कियोहारूच्या नंतर सकाळी उठून तोंडाला पावडर लावायचं माझ्याकडे तेवढंच एक कारण होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात हेच आलं म्हणून सांगते.

मी म्हटलं, "विमा बंद झाला की पायरी संपली, तेरुईसान."

"संपली म्हणजे साफ?"

"साफ. तोमोआकीसानना सहावीपासून चढावं लागेल."

ते टोपीची कड बोटांनी फिरवत म्हणाले, "चौदा वर्षं लागतील त्याला. तोपर्यंत तोच म्हातारा होईल."

"टेम्पो राहू दे ना दारात," मी घाईने म्हटलं. "विमा चालू ठेवा आणि चालवू मात्र नका. नुसता उभा ठेवा."

हे बोलून मी स्वतःची समजूत घातली. चालवू नका असं बजावलं की नाही? बजावलं. पण त्यांच्या घरापासून दुकान नऊ किलोमीटर. बस बंद होऊन सहा वर्षं झालेली. परवाना परत केल्याशिवाय टॅक्सीची कुपनं मिळत नाहीत. गाडी दारात उभी असली आणि स्वयंपाकाची मिरिन वाइन संपली, औषध संपलं, की माणूस बसतोच चालवायला. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर ठेवतो." जाताना दारात वळून वाकले. नेहमीपेक्षा खोल वाकले. मी चांगला सल्ला दिला म्हणून.

पुढच्या दोन्ही फेब्रुवारींत मी ठरवलं होतं, या वेळी सांगून टाकायचं. नियम बदलला असं म्हणायचं, म्हणजे लाजही राहील. दोन्ही वेळा त्यांनी बूट झाडले, पुडी ठेवली, आणि मी चहा ओतला. एकदा माझी यादी एकशे दोन होती. तेव्हा खरंच सांगता आलं असतं. पण तेव्हा वाटलं, आता कशाला, मुलगा येतोच आहे.

शेवटच्या चोवीस फेब्रुवारीला म्हातारा चक्क इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, पण गाल शेकल्यासारखे लाल.

"तोमोआकीने नोकरीवर राजीनाम्याचा कागद दिलाय. एप्रिलच्या शेवटी येतोय. एकटाच येतोय आधी, सून मागून बघू म्हणते. न आली तरी चालेल, ती मुळा खात नाही."

"अभिनंदन तेरुईसान!"

"वरच्या खोलीत गवताच्या नव्या चटया घातल्या. भिंतीला कागद लावला. आता सांग, तो आला की त्याच दिवशी पायरी त्याच्या नावावर होईल ना?"

"पत्ता बदलला की लगेच. मग तुम्ही परवाना देऊन टाका."

"देणारच. तसा मी फारसा चालवत नाही, तुझं ऐकतो. फक्त सकाळी, ऊन असताना." मग हात पुढे केला. "तो अर्ज आत्ताच दे. शिक्का मारून तयार ठेवतो. आयत्या वेळी घोडं अडायला नको."

मी नावबदलाचा अर्ज दिला. त्यांनी तो दुमडला नाही. वर्तमानपत्रात घालून छातीशी धरून नेला. त्या दिवशी माझ्या छातीवरचा दगड उतरला. दोन महिने. दोन महिन्यांनी सगळं आपोआप नीट होणार होतं, आणि मी काय केलं होतं ते कुणाला कधी कळणारच नव्हतं.

नऊ मार्चच्या सकाळी, ऊन असताना, ते वरच्या खोलीसाठी ट्यूबलाइट आणायला गेले. येताना नदीवरच्या पुलावर, डोंगराची सावली पडते तिथे, रात्रीचा बर्फ अजून काचेसारखा होता. टेम्पो कठड्याखालून नदीच्या कडेला गेला. पाणी गुडघाभर होतं. डॉक्टर म्हणाले, फार वेळ लागला नसावा. मी पोचले तेव्हा पोलीस दोर लावत होते. ट्यूबलाइट मात्र खोक्यासकट शाबूत होती. सीटच्या मागे रजईत गुंडाळून ठेवली होती.

कंपनीने सगळं चोख केलं. एक्केचाळीस वर्षांतली पहिली मागणी, आणि ती त्यांच्या मरणाची. निशिवाकीने स्वतः धूप जाळायला येऊन डोकं टेकवलं. पैसे वेळेत जमा झाले. कुणी विचारलं की निष्ठेचं फळ मिळतं का, तर कंपनीच्या बाजूने बोट ठेवायला जागा नाही.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी एप्रिलच्या शेवटी आले. तोमोआकी त्याच सुमाराला येणार होता, आणि आलाच. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. दारात बूट झाडले, एकदाच. बर्फ नव्हताच, पण सवय त्या घरचीच. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता.

"बाबांच्या विम्याचे कागद," म्हणाला. "पहिल्यापासूनचे. एकही टाकलेला नाही."

मी चहा केला. आम्ही जरा वेळ बोलत बसलो. चटयांना अजून हिरव्या गवताचा वास येतो म्हणाला. मग त्याने विचारलं, "ती पायरी आता मला मिळत नाही ना?"

"नाही. त्यांच्या हयातीत तुम्ही एकाच घरात राहत असायला हवं होतं."

"मला नकोच आहे ती. वर्षाला साठ-सत्तर हजार येनचा फरक. एवढ्यासाठी..." तो थांबला. कप टेबलावर ठेवला. "मित्सुएसान, एक विचारू? राग मानू नका. मागच्या नववर्षाला मी फोनवर शोधलं होतं. गाडी विकली तरी पायरी दहा वर्षं राखून ठेवता येते असं लिहिलं होतं. मी बाबांना दाखवलं. म्हटलं, उद्याच विका हा टेम्पो."

किटलीचा आवाज मला फार मोठा वाटायला लागला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ओरडले माझ्यावर. आयुष्यात इतके ओरडले नव्हते. म्हणाले, मित्सुएने नाही म्हणून सांगितलंय. तिला विचारून झाल्यावर पुन्हा दुसऱ्या कुणाला विचारायचं म्हणजे तिच्या तोंडात मारायचं. फोन बंद कर. मी म्हटलं, निदान त्यांनाच पुन्हा विचारा. तर म्हणाले, एकदा विचारलेलं परत विचारलं की माणसाला वाटतं आपल्यावर भरवसा नाही."

मी खिडकीकडे बघत होते. बाहेर गॅरेजचं गंजलेलं शटर दिसत होतं.

"नियम बदलत असतात," तोमोआकी हळूच म्हणाला. "तेव्हा तुम्हाला ठाऊक नसेल."

किती सभ्य पोरगा. वडिलांसारखाच. दार उघडून धरलं होतं त्याने माझ्यासाठी. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आमच्याकडे अशा वेळी समोरचा 'हो' म्हणतो, दोघंही वाकतात, आणि ती गोष्ट तिथे मिटते. माझ्या ओठांवर आलंही होतं.

"ठाऊक होतं," मी म्हटलं. "अर्ज या खणात होता."

त्याने खणाकडे पाहिलं.

"तुमचे वडील माझे शंभरावे गिऱ्हाईक होते. नव्याण्णव झाले असते तर ही एजन्सी गेली असती. म्हणून मी नाही म्हटलं. नंतरही सांगता आलं असतं. नाही सांगितलं."

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कप उचलला, चहा गार झाला होता, तरी शेवटपर्यंत प्यायला. उठला. कोटाची बटणं लावली. एक बटण चुकलं, ते सोडून पुन्हा लावलं.

"डबा," मी म्हटलं. "तुमचा डबा राहिला."

"तुमच्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "मला वाटायचं बाबांनी कंपनीचा विमा घेतलाय. त्यांनी तो तुमचा घेतला होता."

जाताना तो वाकला नाही. आमच्या गावात मी हे पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्याचं काही चुकलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये कंपनीने एजन्सी बंद केली. माझी यादी तेव्हा एकशे एक होती. रेघ दीडशेवर गेली होती म्हणे. निशिवाकी भिंतीवरचं घड्याळ भेट घेऊन आला, मागे कंपनीचं नाव कोरलेलं. माझी माणसं एका दुपारी एका पाकिटात बसून शहरात गेली. मी कुणाला काही बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

डबा मी पावणेदोन वर्षं उघडला नव्हता. या चोवीस फेब्रुवारीला उघडला. एक्केचाळीस कागद, सालवार, दर दहाला एक दोरा. सगळ्यांत वर वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो नावबदलाचा अर्ज. देणाऱ्याचं नाव तेरुई योशिझो, घेणाऱ्याचं तेरुई तोमोआकी. अक्षर थरथरलेलं, पण रेघेबाहेर कुठे गेलेलं नाही. लाल शिक्का सरळ बसलेला. पत्ता दोघांचा एकच लिहिला होता, आणि 'एकाच घरात राहतात' याच्याभोवती दोनदा गोल केला होता. तारखेची जागा तेवढी कोरी होती. तिथे पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलं होतं, 'मित्सुएला विचारून.'